परत गेलेल्या युनिटचं मोल: सौर प्रोत्साहन तक्त्याच्या प्रकल्प नोंदी

६ जुलै २०२५

कामाची आखणी झाली. घर, दुकान किंवा कारखान्याच्या छतावर सौर पॅनेल बसवायचं मनात असलेल्या माणसाला वीज कंपनीकडून नक्की काय पदरात पडेल, हे त्याला स्वतःलाच मांडून पाहता यावं असा मोफत तक्ता बनवायचा आहे. साधी स्प्रेडशीट. ॲप मुद्दाम नको, कारण प्रत्येक सूत्र उघडं दिसायला हवं. वीस-पंचवीस वर्षं चालणाऱ्या वस्तूत पैसे घालणाऱ्याला आकडा कुठून आला हे कळलंच पाहिजे.

चलन वापरायचं नाही. ग्राहक जे युनिट विकत घेतो त्याचा दर १ धरायचा आणि बाकी सगळं त्याच्या पटीत मांडायचं. म्हणजे तक्ता कुठल्याही देशात चालेल आणि दर बदलले म्हणून जुना होणार नाही.

प्रोत्साहनाचे प्रकार बरेच आहेत. कुठे बसवतानाच एकरकमी सूट मिळते, कुठे प्रत्यक्ष निर्मितीवर दर युनिटमागे पैसे मिळतात. कुठे परत पाठवलेलं युनिट बिलातून वजा होतं, कुठे ते ठरलेल्या भावाने विकत घेतलं जातं. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी तुमची बॅटरी वापरू दिल्याबद्दल पैसे देणाऱ्या कंपन्याही आहेत. बँकेऐवजी वीज कंपनीच कर्ज देते आणि हप्ता बिलातून कापते, अशीही सोय काही ठिकाणी आहे. ती पहिल्या आवृत्तीत घेणार नाही.

९ जुलै

इतिहासाचं पान लिहायला घेतलं. ते छोटंच ठेवायचं, पण हवं. आज एकाच शहरातल्या दोन शेजाऱ्यांना वेगवेगळे दर का मिळतात, याचं उत्तर बहुतेक वेळा कोण कुठल्या साली जोडला गेला यात असतं.

सुरुवात अमेरिकेतल्या १९७८ च्या कायद्यापासून केली, ज्याला पुर्पा म्हणतात. छोट्या उत्पादकाची वीज घेणं कंपन्यांवर बंधनकारक झालं आणि भाव ठरला कंपनीच्या वाचलेल्या खर्चाइतका, म्हणजे तेवढी वीज तिने स्वतः बनवली किंवा दुसरीकडून घेतली असती तर आला असता तेवढा. ‘वाचलेला खर्च’ ही कल्पना तिथून आली आणि आजचे बहुतेक वाद अजून तिच्याभोवतीच फिरतात. तिथल्याच मिनेसोटा राज्याने १९८३ मध्ये नेट मीटरिंगचा, म्हणजे परत पाठवलेलं युनिट बिलातून वजा करण्याचा कायदा केला.

जर्मनीत १ जानेवारी १९९१ पासून कंपन्यांना सौर आणि पवन विजेसाठी सरासरी किरकोळ दराच्या ९० टक्के भाव द्यावा लागू लागला. सौर विजेला तेवढ्याने काहीच होत नव्हतं, कारण त्या काळी पॅनेल भलतीच महाग होती. खरा बदल २००० च्या कायद्याने घडवला. सौर युनिटला ९९ फेनिग (तेव्हाच्या जर्मन मार्कचे पैसे), वीस वर्षं न बदलणारे, आणि पुढे दर वर्षी नव्याने जोडल्या जाणाऱ्यांसाठी दर ५ टक्क्यांनी कमी. त्या कायद्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट मला हीच वाटते. जो आला त्याला दिलेला शब्द पक्का, आणि जो उशिरा येईल त्याला आधीपासून ठाऊक की आपल्याला कमी मिळणार. कारखानदाराला पॅनेल स्वस्त करण्याची घाई करावी लागली, ती या घटत्या दरामुळेही.

१४ जुलै

आज तक्त्याचा गाभा मांडला. सविस्तर लिहून ठेवते, कारण पुढची सगळी पानं यावर उभी राहतील.

एक कल्पित घर घेतलं. दिवसाला १० युनिटं लागतात. त्यातली ४ ऊन असताना, ६ संध्याकाळी आणि रात्री. छतावर दिवसाला १२ युनिटं देणारी यंत्रणा. म्हणजे ४ युनिटं घरातच खपली, ८ बाहेर गेली आणि अंधार पडल्यावर ६ बाहेरून घेतली.

आता याच छताचं मोल तीन नियमांखाली काढू.

पहिला नियम पूर्ण नेट मीटरिंगचा. गेलेलं आणि आलेलं युनिट एकास एक वजा होतं. घराची १० युनिटं फिटली, उरलेल्या २ युनिटांना समजा ०.३ भाव. एकूण १०.६.

दुसरा नियम नेट बिलिंगचा. घरात वापरलेल्या युनिटचं मोल १, पण बाहेर गेलेलं प्रत्येक युनिट ०.३ ने. ४ अधिक २.४, म्हणजे ६.४.

तिसरा नियम, बाहेर पाठवायला परवानगीच नाही किंवा त्याला शून्य भाव. मोल ४.

तीच पॅनेल, तेच ऊन, आणि आकडे १०.६, ६.४ आणि ४. जाहिरातीत मात्र ‘सबसिडी किती’ एवढंच मोठ्या अक्षरांत असतं, आणि परत गेलेल्या युनिटला काय भाव हे तळटिपेत सुद्धा नसतं. मला हा तक्ता करावासा वाटला तो यासाठीच.

यंत्रणा निम्मी केली तर? दिवसाला ६ युनिटं. त्यातली साधारण ३.३ घरात, २.७ बाहेर. तिन्ही नियमांखाली मोल अनुक्रमे ६, ४.१ आणि ३.३. आता हेच निर्मितीच्या दर युनिटमागे पाहिलं की चित्र पालटतं. नेट बिलिंगखाली मोठ्या यंत्रणेच्या युनिटचं मोल ०.५३ येतं आणि लहानीच्या ०.६९. पूर्ण नेट मीटरिंगखाली मोठी ०.८८ आणि लहान १. म्हणजे परतीचा भाव जितका खाली, तितकं मोठी यंत्रणा बसवणं अंगाशी येतं. छत मोठं आहे म्हणून ते भरायचं, हा सल्ला फक्त एकाच प्रकारच्या नियमाखाली बरा.

बॅटरी घालून पाहिली. दिवसा ४.४ युनिटं भरायची, रात्री ४ परत मिळतात, बाकीची वाया जातात असं धरलं. नेट बिलिंगखाली मोल ६.४ वरून ९.०८ वर गेलं. पूर्ण नेट मीटरिंगखाली १०.६ वरून १०.४८ वर उतरलं. म्हणजे जिथे परतीला पूर्ण भाव आहे तिथे बॅटरी पैसे खाते. वीज गेल्यावर दिवे लागावेत म्हणून कुणी ती घेत असेल तर ते कारण रास्त आहे, पण बिलासाठी नव्हे.

१५ जुलै

दिवसाची सरासरी घेऊन भागणार नाही, ताशी आकडे हवेतच. निर्मितीचे ताशी आकडे फुकट मिळतात: युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राचं पीव्हीजीआयएस आणि अमेरिकी राष्ट्रीय प्रयोगशाळेचं पीव्हीवॉट्स. ठिकाण, उतार आणि दिशा भरली की वर्षाच्या ८,७६० तासांच्या ओळी हाती येतात. वापराचे ताशी आकडे ग्राहकाने स्मार्ट मीटरमधून घ्यायचे. नसतील तर आम्ही दिलेल्या नमुन्यांतून जवळचा निवडायचा. दिवसभर घर रिकामं, घरून काम, म्हातारी माणसं घरी असे नमुने तयार केले. या नमुन्यांवर तक्त्याचा कोड लिहिणाऱ्या मैत्रिणीने चांगली मेहनत घेतली आहे.

२२ जुलै

एकरकमी सूट की निर्मितीवर पैसे, हे पान.

वॉटमागे सूट दिली की माणूस वॉट विकत घेतो. त्यातून युनिटं किती निघतील याची फिकीर विकणाऱ्याला उरत नाही. झाडाच्या सावलीतलं पॅनेल आणि मोकळ्या छतावरचं पॅनेल दोघांना सारखीच रक्कम. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात पवनचक्क्यांना गुंतवणुकीवर करसवलत मिळत होती, तेव्हा घाईघाईने उभ्या केलेल्या किती तरी चक्क्या लवकरच बंद पडल्या.

त्याच कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये सौर योजना आणली तेव्हा यावर चांगला तोडगा काढला. लहान यंत्रणेला एकरकमी सूट, पण छताची दिशा, उतार आणि सावली मोजून अपेक्षित निर्मितीनुसार. मोठ्या यंत्रणेला मीटरवरच्या प्रत्यक्ष युनिटांवर पाच वर्षं, दर महिन्याला पैसे. आणि सवलतीच्या दहा पायऱ्या. ठरलेली क्षमता बसली की दर आपोआप एक पायरी खाली. पुढच्या पायरीपर्यंत किती मेगावॅट उरले हे कुणालाही पाहता येत असे. अर्थमंत्र्याच्या भाषणाची वाट पाहण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

भारतातल्या २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत घरांसाठी पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि कमाल ७८,०००. ही पायरी वेगळ्या जातीची आहे. काळानुसार उतरत नाही, आकारानुसार उतरते, म्हणून लहान यंत्रणेला झुकतं माप मिळतं. तक्त्यात दोन्ही प्रकारच्या पायऱ्या भरता येतील अशी सोय केली.

एक तांत्रिक निर्णय: एकरकमी सूट आणि पुढच्या वीस वर्षांची रक्कम एकत्र बेरजेत घ्यायची नाही. आजचे पैसे आणि पंधराव्या वर्षीचे पैसे एकाच तोलाचे नाहीत, म्हणून सवलत दर (पुढे मिळणाऱ्या पैशांचं आजचं मोल काढण्याचा दर) भरायचं खातं ठेवलं. पॅनेलची निर्मिती दर वर्षी साधारण अर्धा टक्का घटते, तेही धरलं.

२७ जुलै

व्यवसायांचं पान घेतलं आणि इथे दोन दिवसांचं काम लांबलं, पण ते सार्थकी लागलं.

नमुन्याला बेकरी घेतली. एका बेकरीवाल्या काकांनी आपला स्मार्ट मीटरचा वर्षभराचा तपशील दिला आणि ‘माझं नाव न घालता काय हवं ते वापरा’ म्हणाले. आलेख उघडला आणि कोड लिहिणाऱ्या मैत्रिणीने एवढंच म्हटलं, ‘अगं, हे तर रात्रीचं दुकान आहे.’ विजेच्या भट्ट्या रात्री दोनला पेटतात, चारच्या सुमारास सगळ्या एकदम चालू असतात आणि आठपर्यंत काम आटोपतं. दिवसा फ्रीज, दिवे आणि काउंटर.

दिवसाचा वापर १०० धरला तर उन्हाच्या वेळेत जेमतेम २० येतो. दिवसाला ६० युनिटं देणारी यंत्रणा बसवली तर २० आत खपतील, ४० बाहेर जातील. परतीला ०.३ भाव असेल तर मोल ३२. विक्रेत्याचं पत्रक मात्र ६० टक्के बचत सांगत होतं.

शिवाय व्यवसायाच्या बिलात मागणी आकार असतो. महिन्यातल्या सगळ्यात जड पंधरा किंवा तीस मिनिटांचा भार मोजून त्यावर पैसे लागतात. या बेकरीचा सगळ्यात जड भार पहाटे चारला. तेव्हा पॅनेल झोपलेलं असतं, म्हणजे मागणी आकारात काडीचा फरक नाही. बिलात मागणी आकार ४० टक्के आणि युनिटांचे ६० टक्के असतील, तर ६० युनिटांच्या यंत्रणेने एकूण बिल १९ टक्क्यांनीच उतरतं.

दिवसाला २० युनिटं देणारी यंत्रणा घातली तर १७ आत, ३ बाहेर, मोल साधारण १८. तिसऱ्या हिश्श्याच्या खर्चात निम्म्याहून जास्त लाभ. काकांना हे दाखवलं तर त्यांनी लगेच विचारलं, ‘मग ज्या मालाला ताजेपणाची घाई नाही, तो मी दुपारी भाजला तर?’ तेवढा भार हलवून पाहिला. दुपारचं ऊन आतच खपलं आणि पहाटेचं शिखरही खाली आलं, म्हणजे युनिटांचं बिल आणि मागणी आकार दोन्ही हातात आले. कुठल्याही सवलतीपेक्षा हा फायदा मोठा निघाला आणि त्यासाठी अर्जही करावा लागत नाही. तक्त्यात ‘भार सरकवून पाहा’ असं नवं पान त्यांच्यामुळे आलं.

शाळा उलट टोकाची. वापर नेमका उन्हाच्या वेळी, पण सुट्टीच्या महिन्यात आणि रविवारी शून्य. तिथे हिशेब महिन्याला मिटतो की वर्षाला, यावर सगळं ठरतं. वर्षाला मिटत असेल तर सुट्टीतलं युनिट पुढच्या महिन्यात कामी येतं; महिन्याला मिटत असेल तर ते कवडीमोल भावाने जातं. शीतगृहाचं गणित याहून सोपं, कारण भार दिवसभर सारखा आणि ऊन चढेल तसा थोडा वाढतो.

२ ऑगस्ट

एका ओळखीच्या घरातली यंत्रणा पाहायला गेलो. तक्रार होती की प्रोत्साहन कागदावर आहे, बिलात दिसत नाही. इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनेलची वीज घराला चालेल अशी करणाऱ्या यंत्राची, नोंद संगणकावर उघडली. सकाळी आलेख छान गोल चढतो, आणि साडेअकरानंतर करवतीचे दात सुरू: खाली पडतो, काही मिनिटांनी वर येतो, पुन्हा पडतो. शेजारच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच शेरा, व्होल्टेज मर्यादेबाहेर.

कारण उलगडायला वेळ लागला नाही. घर फीडरच्या, म्हणजे वस्तीला वीज पुरवणाऱ्या तारेच्या, टोकाला आहे आणि त्या ओळीत बऱ्याच छतांवर पॅनेल आहेत. भर दुपारी सगळेच वीज बाहेर ढकलतात, तारेतून जाताना टोकाचं व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर सुरक्षेसाठी स्वतःला तोडून घेतो. तो बरोबरच वागतो. पण ज्या तासाला सगळ्यात जास्त विकायचं, नेमक्या त्याच तासाला दुकान बंद. मीटरपर्यंत न पोचलेल्या युनिटला कुणी भाव देत नाही.

उपाय आहेत. इन्व्हर्टरला अचानक तुटण्याऐवजी हळूहळू कमी होण्याची सेटिंग, रोहित्राचा टॅप (बाहेर पडणारं व्होल्टेज ठरवणारी जोडणी) बदलणं, किंवा दुपारी पाणी तापवणं, गाडी चार्ज करणं. पहिल्या दोन गोष्टी कंपनीच्या संमतीने होतात. मालकीणबाईंना अर्ज लिहून दिला, सोबत इन्व्हर्टरची नोंद जोडली. नुसत्या तोंडी तक्रारीपेक्षा तारीखवार नोंद कामाला येते.

दक्षिण ऑस्ट्रेलियात याच अडचणीवर वितरण कंपनीने नव्या ग्राहकाला पर्याय दिला आहे. एक तर कायम १.५ किलोवॅटची निर्यात मर्यादा घ्या, किंवा लवचीक मर्यादा स्वीकारा, जी एरवी १० किलोवॅटपर्यंत मोकळी असते आणि तारांवर ताण आला की तेवढ्या वेळापुरती खाली येते. मला दुसरा पर्याय न्याय्य वाटतो. तारेची क्षमता खरोखर सगळ्यांची सामाईक आहे.

तक्त्यात ‘निर्यात मर्यादा’ हे खातं अनिवार्य केलं. रिकामं ठेवलं तर उत्तरच येणार नाही.

८ ऑगस्ट

आजचं पान शब्द पाळण्यावर.

स्पेनने २००७ मध्ये उदार दर जाहीर केला आणि २००८ या एका वर्षात अडीच हजार मेगावॅटपेक्षा जास्त सौर क्षमता उभी राहिली, सरकारच्या अंदाजाच्या कित्येक पट. मग नव्यांसाठी मर्यादा आली. तिथपर्यंत ठीक होतं. पण २०१० पासून आधी जोडलेल्यांच्याही पैसे मिळणाऱ्या तासांना कात्री लागली आणि २०१३ मध्ये जुना दर पूर्णच गेला. त्या दराच्या भरवशावर कर्ज काढलेल्या कुटुंबांचं काय झालं असेल, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

अमेरिकेतल्या नेवाडात डिसेंबर २०१५ मध्ये नियामकाने परतीचा भाव उतरवला आणि स्थिर आकार चढवला, तोही आधी पॅनेल बसवलेल्यांसकट. मोठा असंतोष झाला. पुढच्या वर्षी जुन्यांना जुना नियम परत मिळाला आणि २०१७ मध्ये कायदाच झाला. परतीचा भाव किरकोळ दराच्या ९५ टक्क्यांपासून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने ७५ टक्क्यांवर येईल असा.

कॅलिफोर्नियाने १५ एप्रिल २०२३ पासूनच्या अर्जांना वाचलेल्या खर्चावर आधारलेला तासागणिक भाव लावला, पण आधीच्यांना जोडणीपासून वीस वर्षं जुना नियम ठेवला. नव्या नियमावर टीका करायला भरपूर जागा आहे, परतीचा भाव एका झटक्यात फार खाली आला. तरी जुन्यांना हात न लावणं हे योग्यच केलं. त्या तासागणिक भावात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या संध्याकाळी काही तासांचा भाव दुपारच्या कितीतरी पट असतो. म्हणून तिथे पश्चिमेकडे तोंड केलेलं पॅनेल आणि बॅटरी दोघांना अर्थ आला.

नेदरलँड्समध्ये एकास एक वजावट १ जानेवारी २०२७ ला थांबणार आहे. तारीख आधी जाहीर झाली आहे, पण ती जुन्या-नव्या सगळ्यांना लागू. जर्मनीत २५ फेब्रुवारी २०२५ पासून जोडलेल्यांना घाऊक बाजारात भाव शून्याखाली गेला की त्या वेळेपुरते पैसे मिळत नाहीत. तो वेळ वीस वर्षांच्या शेवटी जोडून दिला जातो. ब्रिटनने फीड-इन दर (ठरलेली वर्षं मिळणारा ठरलेला भाव) एप्रिल २०१० मध्ये सुरू केला आणि मार्च २०१९ अखेर नव्यांसाठी बंद केला. मधले काही महिने नव्या ग्राहकाला परतीचा भाव देण्याचं कुणावर बंधन नव्हतं. १ जानेवारी २०२० पासून मोठ्या पुरवठादारांना काहीतरी भाव द्यावा लागतो, किती ते त्यांच्यावर.

यावरून तक्त्यात तीन रकाने ठरले: दर किती, किती वर्षांचा शब्द, आणि नियम बदलला तर जुन्याला लागू होतो का. तिसऱ्या रकान्यात ‘होतो’ असेल तर तक्ता आपणहून दुसरा हिशेब करतो, पाचव्या वर्षानंतर परतीचा भाव निम्मा धरून. त्यातही पैसे फिटत असतील तर पुढे जायला हरकत नाही.

१० ऑगस्ट

दोन छोट्या पण महागात पडणाऱ्या गोष्टी सूचनापानावर घातल्या.

यंत्रणा भाड्याने घेतली किंवा दुसऱ्याच्या मालकीची असली आणि तुम्ही फक्त युनिटं विकत घेत असाल, तर सूट सहसा यंत्रणेच्या मालकाला जाते. करारात ती तुमच्या दरात उतरली आहे का ते वाचा.

काही वीज कंपन्या प्रोत्साहनाच्या बदल्यात नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्रं (वीज सौर किंवा तसल्याच स्रोतातून आली याचा दाखला) स्वतःकडे घेतात. घराला त्याने फरक पडत नाही. पण एखादा कारखाना ‘आमचा माल सौर विजेवर बनतो’ असं छापणार असेल, तर प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावावर असताना तो दावा टिकत नाही.

१७ ऑगस्ट

‘कंपनी पैसे देतेच कशाला?’ हा प्रश्न चाचणी वाचकांपैकी जवळजवळ प्रत्येकाने विचारला. सरकारने भाग पाडलं हे एक उत्तर, पण तेवढंच नाही.

छतावरचं युनिट शेजारच्याच घरात खपतं, लांबून आणताना तारेत होणारी गळती वाचते. शिखराच्या वेळी भार उतरला तर नवं केंद्र, नवं रोहित्र पुढे ढकलता येतं. दक्षिण आफ्रिकेत २००८ च्या वीजटंचाईत एस्कॉम या सरकारी वीज कंपनीने सौर वॉटर हीटरवर सूट दिली ती परोपकार म्हणून नव्हे. गीझर संध्याकाळच्या शिखरावर बसत होते. अमेरिकेच्या व्हर्मोंट राज्यातली ग्रीन माउंटन पॉवर ही कंपनी ग्राहकांच्या घरी बॅटरी बसवते आणि मागणी चढली की सगळ्या बॅटऱ्या एकत्र वापरते. एरवी वीज गेली तर त्या ग्राहकाच्या. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराच्या वीज कंपनीने २०१२ मध्ये हे सगळे फायदे मोजून सौर युनिटचा स्वतंत्र भाव काढला: वाचलेलं इंधन, गळती, क्षमता, पर्यावरण. घराने वापरलेल्या सगळ्या विजेचं बिल नेहमीच्या दराने, आणि निर्माण केलेल्या सगळ्या विजेचे पैसे या भावाने. मला ही रीत प्रामाणिक वाटते, कारण त्यात घटक उघडे असतात आणि त्यांच्यावर वाद घालता येतो.

दुसरी बाजूही पानावर असली पाहिजे. तारा, खांब, माणसं यांचा खर्च ऊन पडलं म्हणून कमी होत नाही. एकास एक वजावट घेणारा तो खर्च जवळजवळ भरत नाही आणि तो बाकीच्यांच्या दरात जाऊ शकतो. ज्याला स्वतःचं छत नाही, भाड्याने राहतो, त्याच्यावर ते ओझं पडावं हे मला पटत नाही. यावर स्थिर आकार वाढवणं हा सोपा मार्ग कंपन्या सुचवतात, पण त्याने कमी वीज वापरणारा गरीबही भरडला जातो. त्यापेक्षा भाडेकरूला वाटा देणं चांगलं. मिनेसोटात २०१३ च्या कायद्याने सामायिक सौर बागा आल्या. प्रकल्प दुसरीकडे, आणि वाट्याचे पैसे तुमच्या बिलात वजा. जर्मनीने २०१७ मध्ये इमारतीच्या छतावरची वीज भाडेकरूंना देणाऱ्या मालकाला अधिक पैसे द्यायला सुरुवात केली. तक्त्यात ‘छत नाही’ हा पर्याय घातला. तो आधीच्या आराखड्यात नव्हता, वाचकांनी मागितला म्हणून आला.

२४ ऑगस्ट

अर्जाच्या क्रमाचं पान पूर्ण. अनेक योजनांत सवलतीचा अर्ज मंजूर होण्याआधी सामान घेतलं की हक्क जातो. म्हणून क्रम असा: आधी प्रोत्साहनाची नोंदणी किंवा राखीव जागा, मग जोडणीचा अर्ज, मग खरेदी, बसवणं, तपासणी, दोन्ही बाजूंनी मोजणारं मीटर, आणि शेवटी चालू करण्याची लेखी परवानगी. ती हाती येण्याआधी यंत्रणा चालवायची नाही. साधं जुनं मीटर बाहेर गेलेलं युनिटही वापरलेलं म्हणून मोजू शकतं, आणि तेवढ्याचं बिल आपल्यालाच येतं.

वीज गेली की साधी ग्रीडजोड यंत्रणाही बंद पडते, हेही ठळक लिहिलं. तारेवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी तो नियम आहे. कितीतरी लोक ‘पॅनेल आहेत, मग अंधार का?’ म्हणून नाराज होतात. त्यांना हे विकतानाच सांगायला हवं होतं.

३० ऑगस्ट

पहिली आवृत्ती खुली केली. बेकरीवाल्या काकांनी २० युनिटांची यंत्रणा पक्की केली आहे, दुपारच्या भाजणीचं वेळापत्रकही बसवलंय. फीडरच्या टोकावरच्या घरी कंपनीची माणसं येऊन रोहित्र पाहून गेली. टॅप बदलल्यावर आलेखाचे दात बरेच कमी झालेत, सेटिंगची परवानगी अजून यायची आहे.

पुढच्या आवृत्तीसाठी: बिलातून कापल्या जाणाऱ्या कर्जाचं पान. विजेच्या गाडीची बॅटरी घराला जोडण्याचा पर्याय. नेदरलँड्सचा रकाना डिसेंबर २०२६ मध्ये नव्याने भरायचा. शाळेच्या नमुन्यात परीक्षेचे आठवडे वेगळे धरायचे, त्या वेळी वर्ग अर्धेच भरतात.